उसन्या आवाजांची ध्वनिफीत

मेढा म्हटले की इतिहासाच्या वाचकाला जावळीचे खोरे, चंद्रराव मोरे आणि १६५६ साल आठवते. मला मात्र त्या गावाच्या नावासरशी रेडिओ दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आठवते. नोकरीनिमित्त काही वर्षे माझे वास्तव्य तेथे होते. दुकानदाराने धंदा आवरता घेतला तेव्हा फळीवरच्या जुन्या ध्वनिफिती त्याने एका खोक्यात घालून बाहेर मांडल्या. "सर, दहाला एक घ्या. आता ह्या ऐकतंय कोण?" असे म्हणून त्याने खोके माझ्याकडे सरकवले. भजने, पोवाडे, लग्नाची गाणी, नाटकांचे संच ह्यांच्या तळाशी एक फीत होती. वेष्टनावर एका गिटारचे भडक चित्र होते आणि आत पाश्चात्त्य रॉक अँड रोलची सोळा जुनी गाणी असल्याची ग्वाही होती.

त्या सोळांपैकी निदान दहा गाणी माझ्या थोरल्या भावाला तोंडपाठ होती. सत्तरच्या दशकात वसईकडच्या लग्नांत दादा गिटार वाजवून ती गात असे. तो जाऊन आता बरीच वर्षे झाली. फीत घरी आणली, डोक्याला अत्तरासारखे स्पिरिट लावून जुना टेपरेकॉर्डर पुसला आणि कळ दाबली. पहिल्या दोन ओळींतच कळून चुकले की हा आवाज मूळ गायकाचा नव्हे. ठेका तोच, वाद्ये जवळजवळ तीच, गळा मात्र दुसऱ्याच कुणाचा. दुसरे गाणे तसेच, तिसरेही तसेच. वेष्टन उलटसुलट करून पाहिले. गाण्यांची नावे होती, किंमत होती, गायकाचे नाव कोठेही नव्हते. आपली फसवणूक झाली असे वाटून मी फीत बंद केली.

पुढे जसजसे वाचत गेलो तसतसे लक्षात आले की ही फसवणूक एकट्या माझी नव्हती, आणि तिला अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

निरनिराळ्या गायकांची गाजलेली गाणी एकाच तबकडीवर आणून ती स्वस्तात विकण्याची युक्ती जुनीच. पण तिचा मोठा व्यापार केला तो कॅनडातील विनिपेग शहराच्या फिलिप काइव्ह्ज ह्या फिरत्या विक्रेत्याने. १९६६ साली त्याच्या 'के-टेल' कंपनीने पंचवीस गाण्यांचा पहिला संग्रह काढला. तेथे निदान गाणी मूळ गायकांची होती. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ह्याहून स्वस्त वाट निघाली. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर त्याच्या मालकाला मागेल ते द्यावे लागते. परंतु तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेतले तर गीतकार-संगीतकाराचे ठरीव मानधन दिले की काम भागते. मग स्टुडिओत रोजंदारीवर गाणारे गायक बोलावायचे, त्या आठवड्याची गाजलेली डझनभर गाणी दोन-चार दिवसांत हुबेहूब गाऊन घ्यायची आणि पूर्ण किमतीच्या तबकडीच्या निम्म्याहूनही कमी दरात विकायची. 'टॉप ऑफ द पॉप्स' ह्या नावाची अशी मालिका १९६८ पासून १९८५ पर्यंत चालली. १९७१ साली तर ह्या नकली संग्रहांपैकी काही ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा मोठ्या कंपन्यांना जाग आली आणि लवकरच स्वस्त संग्रहांना त्या यादीतून वगळण्यात आले. ह्या तबकड्यांवर गाणाऱ्यांची नावे छापीत नसत. त्या निनावी गायकांत एक होता एल्टन जॉन. घरभाडे भागविण्यासाठी तो दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या ढंगात गाऊन देत असे.

आपल्याकडे हाच प्रकार थोड्या उशिराने आला आणि तो ध्वनिफितीवर बसून आला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेली ही चिमुकली डबी भारतीय घरांत शिरली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मंडळींच्या सामानातून. तोवर तबकडी ही शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घराची वस्तू होती. मागे जाऊन पाहिले तर ह्याचा एक मोठा गमतीदार पुरावा सापडतो. साठच्या दशकात जगभर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद पडल्या असताना भारतात बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती; कारण वीज नसलेल्या घरांत चावीचा फोनोच वाजत असे. आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी मोठ्या रकमा मोजतात.

ध्वनिफितीने ही कोंडी फोडली. गुलशन कुमार ह्यांच्या टी-सीरीजने ऐंशीच्या दशकात फिती पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत पोहोचवल्या, आणि जुन्या चित्रपटगीतांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे तीच गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका कलमाने त्याला वाट ठेवली होती. रफींची गाणी तरुण सोनू निगमच्या आवाजात ज्यांनी ऐकली त्यांना हे निराळे सांगावयास नको. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र बंधने आली. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबले पाहिजे आणि गायक कोण ह्याविषयी खरेदीदाराची दिशाभूल होईल असे वेष्टन असता कामा नये, असे आता कायदा सांगतो. मेढ्याच्या त्या फितीचे वेष्टन ह्या कसोटीस खचित उतरले नसते!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नक्कल ही इतकी हलकी गोष्ट आहे काय?

मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरी गेले की तेथून पाचगणी जेमतेम बारा मैलांवर आहे. त्या पाचगणीच्या सेंट पीटर्स ह्या इंग्रजी वसतिशाळेत १९५५ साली झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फारूख बलसारा. घर समुद्रापार, आईवडिलांची भेट क्वचित, सुट्ट्या पुष्कळदा मुंबईतल्या नातलगांकडे. मुलाचा कान तयार आहे हे शाळेने हेरले आणि त्याला पियानोचे शिक्षण मिळू लागले. १९५८ च्या सुमारास त्याने चार मित्रांसह एक वाद्यवृंद उभा केला. नाव ठेवले 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गात असे आणि गिटार वाजवीत असे, डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ढोलांवर, आणि फरांग इराणी चहाच्या रिकाम्या पेटीला काठी व दोरी बांधून तिच्यातून खर्ज काढीत असे. बलसारा पियानोवर. ह्या मुलांनी एकही नवे गाणे रचले नाही. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, एल्व्हिस प्रेस्ले, क्लिफ रिचर्ड ह्यांची गाणी ऐकायची आणि शाळेच्या समारंभांत जशीच्या तशी वाजवायची, एवढाच त्यांचा उद्योग. (ह्यांतला क्लिफ रिचर्ड तर लखनौचाच, १९४० साली तेथे जन्मलेला.)

त्या काळी ही गाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचण्याच्या वाटा दोनच: तबकड्या आणि रेडिओ. आकाशवाणीवर चित्रपटसंगीतालाही जेथे मज्जाव झाला होता तेथे रॉक अँड रोलला कोण विचारतो? ती उणीव रेडिओ सिलोनने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले कोलंबोचे शक्तिशाली प्रक्षेपक आता टूथपेस्टच्या जाहिरातींसह गाणी फेकीत होते आणि ती पाचगणीच्या टेबललँडवर जशी ऐकू येत तशीच खाली खोऱ्यात, ज्याच्याकडे संच असेल त्याच्या ओसरीवरही. मग मुंबईतल्या एका मराठी संगीतकाराने तो ठेका उचलावा ह्यात नवल ते काय? पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७ च्या 'आशा' चित्रपटासाठी 'ईना मीना डीका' बांधले. ते गाणाऱ्या दोघांत किशोरकुमारांच्या जोडीला होत्या सांगलीजवळच्या गोवारीत जन्मलेल्या आशा भोसले.

पाचगणीची ती पाच मुले पुढे पांगली. राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, ब्रांच इंग्लंडात अभिनेता झाला, इराणी ह्यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले. बलसारा कुटुंब १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर लंडनच्या उपनगरात आले आणि १९७० साली फारूखने 'क्वीन' ह्या वाद्यवृंदात फ्रेडी मर्क्युरी हे नाव धारण केले. त्याची कीर्ती सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट माझ्या विषयाशी थेट भिडते. १९७३ साली, क्वीनची पहिली तबकडी निघण्याच्या सुमारास, 'लॅरी ल्युरेक्स' ह्या अपरिचित गायकाची एक छोटी तबकडी बाजारात आली. गाणे होते 'आय कॅन हिअर म्युझिक', १९६६ साली रोनेट्सनी आणि १९६९ साली बीच बॉइजनी गायिलेले. तबकडी विकली गेली नाही. लॅरी ल्युरेक्स म्हणजे खुद्द मर्क्युरी. दुसऱ्याचे जुने गाणे, तेही खोट्या नावाने! पाचगणीची सवय सुटली नव्हती असेच म्हणावयाचे.

आपल्या देशातील अशा मुलांचे आवाज बहुधा वाऱ्यावर विरले. अपवाद एकच ठळक. एका सिगारेटच्या छापाच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या तरुण वाद्यवृंदांची गाणी १९७० आणि १९७१ साली दोन संग्रहांत निघाली. मद्रास, कलकत्ता, बंगलोर, मुंबई येथली कॉलेजची पोरे त्यांत गातात. हेतू शुद्ध धंद्याचा. पण त्या दोन तबकड्या नसत्या तर त्यांतल्या बहुतेकांचा मागमूस राहिला नसता. तीसेक वर्षांनी युरोपातल्या हौशी लोकांनी त्या शोधून पुन्हा छापल्या. तेथे निदान वृंदांची नावे तरी वेष्टनावर होती. माझ्या दहा रुपयांच्या फितीवरील गायकाला तेवढेही भाग्य लाभले नाही.

ती फीत मी काही महिन्यांनी पुन्हा लावली. ह्या वेळी रागाने नव्हे, थोड्या जाणतेपणाने. पाचव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर गायक क्षणभर अडखळतो आणि एक ठेका सोडून पुन्हा सुरू होतो. घाईच्या ध्वनिमुद्रणात राहून गेलेली ही चूक असावी. मूळ गाण्यात ती नाही, मी मुद्दाम ताडून पाहिले. पण दादा ते गाणे अगदी तसेच गात असे. तेथेच थांबे, तेथेच एक ठेका सोडी, आणि आम्ही धाकटी भावंडे तो त्याचा खास लकबीचा भाग समजून त्या जागी टाळी वाजवीत असू. म्हणजे त्याच्या हाती लागली होती ती खरी तबकडी नव्हेच. कोणा जहाजावरच्या नातलगाने किंवा मुंबईच्या पदपथावरून कोणी आणलेली, अशीच निम्म्या किमतीची नकली तबकडी. तिच्यावरूनच पुढे कोणीतरी ही फीत उतरवली असली पाहिजे. मूळ गायकाचे गाणे दादाने कधी ऐकले होते की नाही, देव जाणे. तो ज्याला गुरू मानून बसला होता तो लंडनच्या स्टुडिओतला कोणी रोजंदारीचा गायक होता.

मूळ गाणी आता एका कळीसरशी हवी तेव्हा ऐकता येतात, स्वच्छ, खरखर नसलेली. मी ती ऐकतोही. पाचव्या गाण्यात त्या जागी ठेका सुटत नाही आणि माझा हात टाळीसाठी उगाच उचलला जातो.

फितीची लांबी साठ मिनिटांची आणि गाणी त्याहून किंचित अधिक भरलेली. त्यामुळे दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे मध्येच तुटते, कळ खट्कन वर येते. राहिलेले कडवे मला पाठ आहे, दादाच्या उच्चारांसकट.