घरांतला पडदा आणि घरांतले अभिप्राय

चित्रपट संपल्यावर घरांतल्या माणसांनीं त्याविषयीं काढलेले उद्गार हा इतिहासाचा विषय होऊं शकेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे तिकिटविक्रीचे आंकडे जमवितात, वर्तमानपत्रांतील परीक्षणें चाळतात, दिग्दर्शकांच्या मुलाखती वाचतात. परंतु जेवणाचीं ताटें पुढ्यांत घेऊन बसलेलें कुटुंब "एकदां पाहण्यासारखा आहे" किंवा "नायिका बरी, पण शेवट ओढूनताणून आणला आहे" असा जो निवाडा देतें, तो कोणत्याही दप्तरीं नोंदला जात नाहीं. वास्तविक कित्येक चित्रपटांचें अखेरचें भवितव्य थिएटरांतील पहिल्या आठवड्यानें नव्हे, तर ह्याच सहज बोललेल्या अभिप्रायांनीं ठरविलें आहे. ते पाहावयाचे तर चित्रपट घरांत शिरला कसा, हें आधीं पाहावें लागतें.

घराचें दार त्याला बराच काळ बंद होतें, तें मुख्यत्वें आगीच्या भीतीनें. प्रारंभींच्या फिल्मी नायट्रेट सेल्युलॉइडच्या असत. तो पदार्थ चटकन् पेट घेतो आणि एकदां पेटला म्हणजे पाण्यानेंही आटोक्यांत येत नाहीं. त्यांतच यंत्रांचे दिवेही धोक्याचे. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्रें दाखविणाऱ्या यंत्राच्या दिव्यांतील ईथरनें पेट घेतला आणि शंभरांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत उच्चकुलीन स्त्रियांचा भरणा मोठा होता. असलें यंत्र पडदे आणि गालिचे असलेल्या दिवाणखान्यांत कोण आणून ठेवील?

म्हणून घरगुती चित्रपटाचा खरा आरंभ होतो तो सहजासहजीं न पेटणाऱ्या ॲसिटेट फिल्मीपासून. १९१२ सालीं फ्रान्समधील पाथे कंपनीनें २८ मिलिमीटर रुंदीची अशी फिल्म आणि तिला साजेसें यंत्र विक्रीस आणलें. त्याच सुमारास अमेरिकेंत एडिसननेंही घरगुती यंत्र काढलें. पाथेच्या यंत्राची मौज अशी कीं, हातानें दांडा फिरविला म्हणजे चित्रें हलत, आणि त्याच फिरण्यानें दिव्याला वीजही मिळे. यजमानाचा हात दमला कीं नायकही थांबला आणि उजेडही गेला! पुढें १९२२ सालीं त्याच कंपनीचें "पाथे बेबी" हें साडेनऊ मिलिमीटर फिल्मीचें लहानसें यंत्र आलें. मूकपटांतील पाट्या वाचावयास वेळ मिळावा म्हणून एरव्हीं बरीच फिल्म खर्चीं पडे. ह्या यंत्रांत फिल्मीच्या कडेला खांच पाडलेली असे. खांच आली कीं यंत्र कांहीं सेकंद आपोआप त्या एकाच चित्रावर थबके. फिल्म वांचे आणि वाचनही होई. वर्षभरानें कोडॅकनें १६ मिलिमीटरची फिल्म बाजारांत आणली.

ह्या यंत्रांवर जें दाखविलें जाई, तें पुष्कळदां मोठ्या चित्रपटांचें कातरलेलें रूप असे. तरीही त्यांनीं एक फरक घडवून आणला, आणि तो पुढें वाढतच गेला. थिएटरांत चित्रपट कोणासाठीं थांबत नाहीं. घरांत मात्र पाहुणा उशिरां आला तर तो पुन्हां पहिल्यापासून लावतां येई.

भारतीय चित्रपटाचा पाळणाही एका अर्थीं घरांतच हलला. दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हां "राजा हरिश्चंद्र"साठीं लागणारा पैसा त्यांच्यापाशीं नव्हता. त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून "अंकुराची वाढ" हा लघुपट तयार केला आणि निवडक मंडळींस दाखविला. त्यांना तो पटला, आणि कर्ज मिळालें. सरस्वतीबाई फाळके घरींच फिल्मीला छिद्रें पाडण्याचें व ती धुण्याचें काम शिकल्या. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत "राजा हरिश्चंद्र" लागला, त्यामागें मूठभर माणसांनीं थिएटराबाहेर दिलेला एक अनुकूल अभिप्राय होता. त्यांचे शब्द उरले नाहींत. त्यांचा परिणाम उरला.

यानंतरचीं कित्येक दशकें निवाडा थिएटरांतच होत राहिला. प्रभातचा "संत तुकाराम" १९३६ सालीं लागला आणि मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला. लोकांना तो किती आवडला ह्याचा याहून मोठा पुरावा कोण मागेल? परंतु थिएटरांतून बाहेर पडणाऱ्या माणसाचें मत हें खिशाशीं बांधलेलें असतें. त्यानें ठेवणींतले कपडे केलेले असतात, ट्रॅमचें भाडें आणि तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. अशा माणसाला चित्रपट वाईट होता हें कबूल करणें जड जातें. आणि केलेंच, तर त्याचा राग चित्रपटाच्या लायकीपेक्षां मोठा असतो. घरांतला अभिप्राय ह्या दोन्ही दोषांतून सुटला. त्याला दुसरे दोष चिकटले, ही गोष्ट निराळी.

थिएटरानें दिलेला निकाल घरानें फिरविल्याचें सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. फ्रँक काप्रा ह्यांचा "इट्स अ वंडरफुल लाइफ" हा बोलपट १९४६ च्या डिसेंबरांत लागला आणि त्यानें निर्मात्यांस तोट्यांत घातलें. आयुष्याला विटून नाताळच्या आदल्या रात्रीं जीव द्यावयास निघालेल्या एका साध्या गृहस्थाची ती कथा. १९७४ सालीं ह्या चित्रपटाच्या कॉपीराइटचें नूतनीकरण राहून गेलें. फुकट दाखवावयास मिळतो म्हणून टीव्ही केंद्रांनीं तो दर नाताळांत लावण्याचा सपाटा चालविला. टीव्ही केंद्रांचा हेतु पैसे वांचविण्याचा होता. पण कुटुंबें दरवर्षीं त्याच सुमारास तो पाहूं लागलीं, मुलें मोठीं होऊन आपल्या मुलांना दाखवूं लागलीं, आणि ज्या चित्रपटाला थिएटरानें हात दिला नाहीं तो अमेरिकन घरांतल्या सणाचा भाग झाला. १९९० सालीं जतन करावयाच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचींतही त्याचा समावेश झाला. ह्या बदलासाठीं कोणत्याही टीकाकारानें मोहीम काढलेली नव्हती. थंडीच्या रात्रीं पांघरुणांत बसून म्हटलेल्या "पुन्हां लावला आहे वाटतें, पाहूं या" एवढ्या शब्दांनीं तें काम केलें.

मुंबईंत दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. शनिवारीं मराठी चित्रपट आणि रविवारीं हिंदी चित्रपट, हा त्या काळच्या घरांचा ठरलेला क्रम. चाळींत किंवा वाड्यांत एखाद्याच बिऱ्हाडीं टीव्ही असे, आणि संध्याकाळ झाली कीं त्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर चपलांची रास पडे. ह्या पाहण्याला एक अलिखित शिष्टाचार होता. पुढें मुलें, मागें वडीलधारीं माणसें, दारांत उभे राहून पाहणारे दूरचे शेजारी. अभिप्रायही त्याच क्रमानें येत. ज्याच्या घरीं बसून पाहिलें, त्याला आवडलेल्या चित्रपटाला शेजाऱ्यानें तोंडावर नांवें ठेवणें प्रशस्त दिसत नसे. तीं दुसऱ्या दिवशीं नळावर ठेवलीं जात. चित्रपटाच्या मध्येंच बातम्या लागत, आणि तेवढ्या अवधींत पूर्वार्धाचें परीक्षण उरकून घेतलें जाई.

त्या काळांत दुसरें केंद्र लावण्याची सोय नव्हती, हें आज कोणासही उणें वाटेल. तथापि त्या उणेपणानें एक मोठें काम केलें. ऐंशीच्या दशकांत रविवारीं दुपारीं बंगाली, मल्याळी, कन्नड, आसामी चित्रपट इंग्रजी पाट्यांसह दाखविले जात. भाषा परकी, गति मंद, गाणीं नाहींत. पुष्कळ घरांत ते पाहतां पाहतां झोप काढली गेली, हें खरें आहे. पण झोप न लागलेल्यांना केरळांतलीं खाचरें आणि बंगालमधले पडके वाडे घरबसल्या दिसले, आणि थिएटरांत पैसे देऊन जे चित्रपट त्यांनीं कधींही पाहिले नसते, त्यांच्याविषयीं त्यांना मत बाळगावें लागलें.

ह्यापुढचा फेरा कॅसेटचा. सोनी कंपनीनें १९७५ सालीं बीटामॅक्स काढलें, परंतु त्याच्या पहिल्या कॅसेटींत तासाभरापुरतीच जागा होती. पुढल्या वर्षीं आलेल्या व्हीएचएसमध्यें दोन तास मावत. अख्खा चित्रपट एका कॅसेटींत बसणें हें घराच्या दृष्टीनें किती मोलाचें, हें त्या स्पर्धेच्या निकालानें बऱ्याच अंशीं दाखवून दिलें. युनिव्हर्सल आणि डिस्ने ह्या कंपन्यांनीं सोनीला कोर्टांत खेंचलें. टीव्हीवरील कार्यक्रम सवडीनें पाहण्यासाठीं घरीं उतरवून घेणें गुन्हा नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १७ जानेवारी १९८४ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं दिला. एका मतानें वांचलेल्या ह्या यंत्रानेंच पुढें हॉलीवूडला थिएटरांपेक्षां अधिक पैसा मिळवून दिला, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे.

भारतांत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, आणि त्यांच्या जोडीनें व्हिडिओही पसरला. गल्लोगल्लीं व्हिडिओ लायब्ररी उघडल्या. त्यांतील बराच माल चोरीचा असे, आणि १९८४ सालीं कॉपीराइटचा कायदा सुधारावा लागला तो याचसाठीं. चित्र पाहतांना खालच्या पट्टींत साबणाच्या नि साड्यांच्या जाहिराती सरकत जात, आणि चित्रपट लांबला असल्यास एखादें गाणें कोणी तरी कापून टाकलेलें असे. लायब्ररीचा मालक हा त्या काळचा सर्वांत प्रभावी टीकाकार. गिऱ्हाइकांची कॅसेट परत घेतांना तो दोन शब्द ऐके आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते आपले म्हणून सांगे. छापील परीक्षणांची इतकी पत कधीं नव्हती.

मात्र कॅसेटीनें घाईही शिकविली. यंत्र एका रात्रीच्या भाड्यानें आणलेलें, म्हणून त्या एका रात्रींत तीन चित्रपट पाहून घ्यावयाचे. पहाटेपर्यंत कोणती नायिका कोणत्या कथेंतली हेंही ध्यानांत राहत नसे. आणि बोटाखालीं बटण आल्यामुळें कंटाळवाणा भाग पळवितां येऊं लागला. कंटाळा हा दिग्दर्शकाचा दोष कीं पाहणाराच्या धीराची उणीव, हा प्रश्न तोंवर वादाचा होता. बटणानें तो पाहणाराच्या बाजूनें निकालांत काढला.

केबलच्या काळाविषयीं फार सांगण्याजोगें नाहीं. तो मुख्यतः पुनरावृत्तीचा काळ. १९९९ सालचा हिंदी "सूर्यवंशम" एका वाहिनीनें इतक्या वेळां दाखविला कीं, त्याची थट्टा हाच घरोघरचा अभिप्राय झाला. मराठींत १९८८ सालच्या "अशी ही बनवाबनवी"चें नशीब अधिक चांगलें. तो थिएटरांतही चालला होता, परंतु टीव्हीवरील फेऱ्यांनीं त्यांतलीं वाक्यें घरच्या बोलण्यांत मुरवून टाकलीं.

आतांचा फेरा इंटरनेटचा. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें थिएटरें बंद झालीं, आणि १२ जूनला "गुलाबो सिताबो" हा अमिताभ बच्चन ह्यांची भूमिका असलेला चित्रपट थिएटरांत न जातां थेट घरांत आला. नवा चित्रपट आणि नवें मत ह्यांमध्यें कपडे करण्याचें किंवा रस्ता ओलांडण्याचेंही अंतर उरलें नाहीं. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या "द डिसायपल" ह्या मराठी चित्रपटाला त्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत पटकथेचें पारितोषिक मिळालें. पण ३० एप्रिल २०२१ रोजीं तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हां महाराष्ट्रांतलीं थिएटरें बंदच होतीं. ख्यालगायकी शिकणाऱ्या, परंतु गळ्यांत ती पुरती न उतरणाऱ्या एका तरुणाची ही कथा. रात्रींच्या मुंबईंत तो मोटारसायकलीवरून संथपणें जात असतो आणि कानांत गुरूच्या गुरूंचें जुनें ध्वनिमुद्रित बोलणें चालू असतें. हीं दृश्यें लांबलचक आहेत, आणि त्यांचा लांबटपणा हाच त्यांचा अर्थ आहे. परंतु त्याआधीं कांहीं महिनेच नेटफ्लिक्सनें फोनवर चित्रपट दीडपट वेगानें पाहण्याची सोय दिली होती, हॉलीवूडच्या कित्येक दिग्दर्शकांचा विरोध असतांनाही. आलाप दीडपट वेगानें ऐकून ज्यानें "संथ आहे" असें म्हटलें, त्याचें मत मोजावयाचें कीं नाहीं?

मोजणाऱ्यांनीं आपल्यापुरता ह्याचा विचार केलेला होता. पूर्वीं एखादा चित्रपट बहुतांशीं, म्हणजे शेंकडा ७० पाहिला गेला, तरच नेटफ्लिक्स तो पाहिला असें धरीत असे. २०२० च्या जानेवारींत कंपनीनें जाहीर केलें कीं यापुढें दोन मिनिटें पुरेत. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ही रीतही सोडून एकूण तास मोजण्यास सुरुवात झाली. डिसेंबर २०२३ मध्यें तिनें सहा महिन्यांचा पहिला मोठा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांत अठरा हजारांहून अधिक कार्यक्रम आणि चित्रपट आहेत, आणि प्रत्येकापुढें तो जगभर किती तास पाहिला गेला हा आंकडा आहे. चित्र चालू असतांना कोण उठून दूध तापवावयास गेलें, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि अर्धाच चित्रपट पाहिलेल्या आजीनें शेवटीं काय म्हटलें, ह्यांसाठीं त्या तक्त्यांत रकाना नाहीं.