दोर, खुर्ची आणि शंभर वर्षांची विश्रांती

'दगदग करू नका, पडून राहा.' मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या रोग्याला जवळपास शंभर वर्षं हेच सांगितलं गेलं. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी खराब होतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली त्याला वेगळी ओळख दिली. पुढे १८९० मध्ये उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांना दिसलं, की रोगी दमला की त्याची नजर अंधूक होते. झालं! श्रम म्हणजे धोका, असा शिक्काच बसला. खरं तर दोष वाढलेल्या उष्णतेचा, आणि तोही तात्पुरता. अंग निवलं की नजर परत येते. एमआरआय येण्याआधी तर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून, त्रास वाढतो का ते पाहत. मलाही एमएस आहे, पण मला टबाची गरज नाही. मे महिन्यात कासारसाईत दुपारी उसाच्या बांधावर उभी राहिले, की माझे पाय कापसाचे होतात.

हा शिक्का पुसण्यात पुण्याचाही हात आहे, आणि मला त्याचा उगाचच अभिमान वाटतो. १९३७ साली पुण्यात आलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची मॉडेल कॉलनीतली संस्था १९७५ साली सुरू झाली. तिथे आजारी माणसांचा वर्ग सगळ्यांचा एकत्र, आसनं मात्र ज्याची त्याला. भिंतीला दोर, घडीच्या लोखंडी खुर्च्या, लोड, लाकडी विटा, पट्टे. तोल जात असेल तर पाठ भिंतीला टेकवायची, हात खुर्चीवर ठेवायचा आणि त्रिकोणासन करायचं. भार साधनाने उचलला, की दमछाक न होता आसनात थांबता येतं, अंग तापत नाही. ऐन विशीत एमएस जडलेले लॉस एंजेलिसचे एरिक स्मॉल अय्यंगारांकडूनच हे शिकले आणि तिकडे एमएसच्या रोग्यांना शिकवू लागले.

डॉक्टरांची खात्री पटायला १९९६ उजाडलं. अमेरिकेत पेटाजान आणि सहकाऱ्यांनी ५४ रोग्यांचा अभ्यास केला; १५ आठवडे व्यायाम केलेल्यांची ताकद वाढली. २००४ मध्ये ऑरेगनच्या ६९ जणांच्या अभ्यासात अय्यंगार योगाचा आठवडी वर्ग आणि जागच्या सायकलीचा वर्ग, दोन्हींनी थकवा कमी केला. योग सायकलीपेक्षा सरस ठरला नाही, हेही सांगायला हवं. मला यात वर्ग महत्त्वाचा वाटतो. घरी एकटीने करायचं म्हटलं की चटई लवकरच माळ्यावर जाते. शेजारचीचाही पाय थरथरताना दिसला, की आपल्या थरथरीची लाज जाते.

मुंबईत १९८५ साली एमएस सोसायटी स्थापन झाली, पुण्यातही तिची शाखा आहे. २०१६ च्या कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली. पण वर्गाला जायचं तर कासारसाईहून मॉडेल कॉलनी लांब, त्यात हिंजवडीची कोंडी. तेव्हा पंचक्रोशीत कुणाला एमएस असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ऊन चढायच्या आत आमच्या देवळाच्या मंडपात या, इथेच एकत्र आसनं करू. येताना बिनहातांची खुर्ची आणा.