संगणक आपला, पण मालक कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप लागते. ती नाही म्हणून चांगला चालता संगणक कंपनीच्या लेखी बाद! ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचंही असंच झालं होतं.

आपण इथं अडकलो कसे? १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा झाला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोहोचली. नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून पोरंपोरी क्लासला गेली. त्या कोर्सनं खेड्यातल्या पोरांच्या हाती माउस दिला, हे मान्यच. पण संगणक शिकतोय म्हणता म्हणता आपण विंडोज तेवढं शिकलो.

त्याच दशकात केरळनं सरकारी शाळांत लिनक्स नेलं. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि हवं तसं बदलता येणारं. आपल्या सी-डॅकनंही २००७ मध्ये ‘बॉस’ लिनक्स काढलं, त्यात मराठीही चालते. आपल्याकडं त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय?

लिनक्समध्ये सगळं गोड नाही. एखादा प्रिंटर रुसतो, जुने मराठी फॉन्ट छळतात. तरी आमगाव तालुक्यातल्या शाळांना, सेवा केंद्रांना एवढंच सांगणं: जुना संगणक भंगारात घालण्याआधी एकावर तरी लिनक्स टाकून बघा. नवीन खरेदीचा पैसा शेवटी आपल्याच खिशातून जातो.