हजेरीपासून लाइव्ह लोकेशनपर्यंत : आपण कुठे आहोत हे कुणाला कळावे?

मोबाइलमधल्या अ‍ॅपला आपले लोकेशन द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेले असते : "आपण काय चोऱ्या करतो का? लपवण्यासारखे काही नाही, तर घाबरायचे कशाला?" प्रायव्हसी म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे कसली प्रायव्हसी, असेही ऐकू येते.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या देशात माणूस कुठे आहे, कुठून आला आणि कुठे चालला यावर पाळत ठेवण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक व्यवस्था आपल्यावरच लादली गेली होती. म्हणून लोकेशनचा प्रश्न आधी आपला आहे, बंगलेवाल्यांचा नंतर.

जात म्हणजे जागेची शिस्त

जातिव्यवस्थेकडे आपण बहुतेक वेळा रोटी-बेटी आणि धंद्याच्या बाजूने पाहतो. पण जात ही जागेचीही व्यवस्था आहे. कोण गावात राहील आणि कोण वेशीबाहेर, कोण कुठल्या रस्त्याने जाईल, कुठल्या पाणवठ्यावर उतरेल, हे सगळे ठरलेले होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त पेशवाईचे वर्णन केले आहे. अस्पृश्याची सावली पडू नये म्हणून रस्त्यावर बंदी, ओळखू यावा म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा, पुण्यात कमरेला झाडू आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके. झाडू पाऊलखुणा पुसण्यासाठी होता आणि काळा दोरा दुरूनच ओळख पटावी म्हणून. म्हणजे माणसाच्या अंगावरच त्याचा ठावठिकाणा बांधला होता.

महारकीचेही तेच. वतनदार महाराने हाक येईल तेव्हा चावडीवर हजर असले पाहिजे. दिवस असो की रात्र, त्याचा वेळ आणि त्याची जागा त्याच्या मालकीची नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही गुलामी मोडण्याची धडपड होती. १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी होता, तसाच तो 'आम्हीही इथे उभे राहू शकतो' हे सांगण्यासाठीही होता.

एकाला सापडलेला पत्ता

१९१७ ची बडोद्याची हकीकत आपल्याला पाठ आहे, पण ती या अंगानेही वाचावी. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला कुणी जागा देईना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवस निभले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

त्या धर्मशाळेत त्यांनी कुणाचे काय बिघडवले होते? काहीच नाही. 'लपवण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. त्यांचा गुन्हा एवढाच की ते कोण आहेत आणि कुठे आहेत, या दोन गोष्टी एकाच वेळी नको त्या लोकांना कळल्या. यातली एक गोष्ट माहीत नसती तर कदाचित काठ्या निघाल्या नसत्या.

आजही शहरात भाड्याने खोली शोधणारा आपला मुलगा आडनाव सांगताना क्षणभर थांबतो. तो लबाड नाही. माहिती कुणाच्या हातात पडली की तिचे काय होते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक आहे.

सरकारी हजेरी : १८७१ ते १९५२

जातीने जे रूढीने केले, ते इंग्रजांनी कायद्याने केले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ मध्ये नवा कायदा करून तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नेला, म्हणजे मुंबई इलाख्यातही. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या.

या कायद्याची यंत्रणा बारकाईने पाहा. आधी नोंदवही : जमातीतल्या माणसांची नावे. मग बोटांचे ठसे. मग हजेरी : ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन 'मी इथे आहे' असे सांगायचे. मग राहण्याचा पत्ता कळवणे, पत्ता बदलणार असेल तर तेही कळवणे, आणि घरापासून दूर जाणार असाल तर तेही कळवणे. झालेलीच नव्हे, ठरवलेली हालचालसुद्धा सरकारला आधी कळली पाहिजे. बाहेर जायचे तर पास. पासाविना सापडला तर शिक्षा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. कामही तिथलेच, झोपही तिथलीच.

या व्यवस्थेशी बाबासाहेबांचा जवळून संबंध आला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे याच वसाहतींचे अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभरात रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडले. म्हणून भटक्या-विमुक्तांचा मुक्तिदिन वेगळा आहे. तोपर्यंत ठिकठिकाणी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले होते. जमातीचे नाव कागदावरून गेले, पोलिसांच्या वहीतला संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. न्यूयॉर्कमध्ये १७१३ साली कायदा होता की १४ वर्षांवरील निग्रो किंवा इंडियन गुलामाने रात्री मालकाशिवाय बाहेर पडताना पेटता कंदील जवळ बाळगावा. दक्षिण आफ्रिकेत तर आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला त्याच १९५२ साली काळ्या लोकांवर पासबुकाची सक्ती अधिक घट्ट करणारा कायदा आला, आणि त्याला नाव दिले 'पास रद्द करण्याचा' कायदा! त्या पासविरोधात २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि ६९ माणसे मेली. दबलेल्या माणसाने कायम दिसत राहावे, ही सत्तेची जुनी सवय आहे.

संविधानात राहून गेलेले कलम

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन सादर केले. त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत एक मागणी होती : माणसाची व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण. मुन्शींच्या मसुद्यातही अशीच तरतूद होती. पुढे सल्लागार समितीत तिला विरोध झाला आणि ती गळली.

त्याचे परिणाम पुढे दिसले. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग या माणसाला दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सोडले, तरी पोलिसांनी त्याची 'हिस्ट्री शीट' उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावणे, हालचालींची नोंद ठेवणे सुरू झाले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी येणे तेवढे घटनाबाह्य ठरवले, हालचालींवरची पाळत चालू ठेवली आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत दिले. पाळतीच्या छायेत वावरणारा माणूस स्वतंत्र नसतो, असा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य व्हायला ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांच्या त्या १९४७ च्या मागणीचा उल्लेखही या निकालात आहे.

आता हजेरी खिशात आली

गुन्हेगार जमाती कायद्यात माणूस पोलीसपाटलाकडे हजेरी द्यायला जात होता. आता फोनच हजेरी देतो. २००९ च्या सुमारास फोरस्क्वेअर आणि गुगल लॅटिट्यूड आले. ऑगस्ट २०१० मध्ये फेसबुकने 'प्लेसेस' आणले, त्यात तर आपल्या मित्रालाही आपले ठिकाण जाहीर करता येत होते. २०१७ मध्ये स्नॅपचॅटचा नकाशा आला आणि त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन.

'नाव काढून टाकले की डेटा निनावी होतो' ही थाप आहे. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेळ आणि ठिकाण अशी फक्त चार टिंबे मिळाली तर ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी ओळखता येतात, असे त्यात आढळले. रात्री फोन कुठे असतो आणि सकाळी कुठे जातो एवढ्यावर माणूस सापडतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. अमेरिकेत पत्त्यावरून उत्पन्न आणि वंश कळतो, आपल्याकडे पत्त्यावरून जात कळते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर आले. चांगले झाले. पण नाव बदलले तरी नकाशावरचे टिंब तिथेच आहे, आणि रोज रात्री आपला फोन त्याच टिंबावर झोपतो. आडनाव न सांगणाऱ्या मुलाची जात त्याचा फोन सांगून टाकतो.

चळवळीसाठी धडा अमेरिकेतून घ्यावा. २०१६ मध्ये उघड झाले की जिओफीडिया नावाची कंपनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्विटरवरच्या लोकेशनसह पोस्ट गोळा करून पोलिसांना विकत होती. काळ्या लोकांच्या आंदोलनांवर नजर ठेवायला हे साधन वापरले गेले. बोंब झाल्यावर त्या कंपन्यांनी तिची माहिती तोडली. आंदोलकांनी कुणाला काही दिले नव्हते, त्यांनी फक्त 'आम्ही इथे आहोत' असे अभिमानाने लिहिले होते.

आणि सक्तीची हजेरी? ती आधी कुणाच्या मनगटावर आली ते बघा. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथल्या महापालिकांनी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे बांधली. कोणता समाज पिढ्यान्‌पिढ्या झाडू हातात धरून आहे हे सांगायला नको. साहेबांच्या मनगटाला असे घड्याळ बांधल्याचे मी ऐकलेले नाही. ज्या नागपुरात दीक्षाभूमी आहे, त्याच नागपुरात मनगटातला काळा दोरा नव्या रूपात परत यावा, याचा राग आपल्याला यायला हवा.

'दिसणे' आणि 'दाखवले जाणे'

एक आक्षेप प्रामाणिक आहे. काही मित्र म्हणतात, आपली लढाईच दिसण्याची आहे. शतकानुशतके अदृश्य ठेवले, आता चैत्यभूमीवरून, भीमा कोरेगावहून फोटो टाकू नयेत काय? जरूर टाकावेत. विजयस्तंभासमोर उभे राहणे हा आपण स्वतः निवडलेला क्षण आहे. पण तिथून घरापर्यंतचा रस्ता, कुठल्या गाडीने गेलो, रात्री कुणाकडे मुक्काम केला, हे जगाला सांगणे म्हणजे अस्मिता नव्हे. मोर्चात चेहरा दाखवणे हा हक्क आहे आणि मोर्चानंतर अनोळखी होऊन गर्दीत मिसळणे हाही हक्क आहे. बाबासाहेबांनी खेडे सोडून शहराकडे चला म्हटले, त्यात ही अनोळखी होण्याची मुभाही होती.

वस्तीत काम करताना हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भेटतो तो आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांमध्ये. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाची व्यवस्था करायला सांगितले. त्या निवासाची सगळी सुरक्षितता त्याचा पत्ता माहीत नसण्यात असते. तिथे जुन्या मैत्रिणीशी शेअर केलेले, बंद करायचे राहून गेलेले लोकेशन जिवावर बेतू शकते.

न्यायालयालाही आता हे पटू लागले आहे. जामीन देताना आरोपीने गुगल मॅपवर आपले टिंब तपास अधिकाऱ्याला कायम दाखवत ठेवावे, अशा अटी घातल्या जात होत्या. ८ जुलै २०२४ ला फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट कलम २१ चा भंग ठरवली. जी गोष्ट न्यायालय आरोपीवरही लादू देत नाही, ती आपण एखाद्या फिल्टरच्या अ‍ॅपला फुकटात देत असतो.

कायद्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकार आपल्याच यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकते. म्हणजे कंपनीपासून थोडे संरक्षण मिळेल, पण सरकारपासून मिळेलच असे नाही.

करायचे काय?

फोन फेकून द्या असे मी म्हणणार नाही. रात्री उशिरा रिक्षाने घरी येणारी बहीण आईला लाइव्ह लोकेशन पाठवते, ते योग्यच आहे. ती कुणाला, किती वेळ आणि कशासाठी दाखवायचे हे स्वतः ठरवते. तीच कसोटी सगळीकडे लावा.

प्रत्येक अ‍ॅपची परवानगी तपासा. ज्याला गरज नाही त्याचे लोकेशन बंद, ज्याला आहे त्याला फक्त वापरतानाच. कॅमेऱ्यातले लोकेशन बंद करा, कारण फोटोच्या मूळ फाइलमध्ये जागा नोंदली जाते. मोर्चा, बैठक, तपास-भेट यांची पोस्ट तिथून निघाल्यावर टाका. दोनशे माणसांच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकू नका. त्यातल्या किती जणांना आपण ओळखतो? दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्याला ठिकाणासह टॅग करू नका. अत्याचाराच्या प्रकरणात पीडित कुटुंब कुठे मुक्कामाला आहे हे तर कधीच लिहू नका.

आणि एवढ्यावर थांबू नका. आपल्या शहरात सफाई कामगारांच्या मनगटावर घड्याळे आहेत का, ती कुणी बांधली, नोंदी कोण पाहतो, पगार कापला जातो का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. युनियनच्या बैठकीत विषय घ्या. विमुक्तांच्या वस्तीत पोलीस आजही कुणाची 'हजेरी' घेतात का, याची नोंद करा.

कमरेचा झाडू आपण फेकला, वतन फेकले, तारेचे कुंपण तुटले. यातले काहीही आपोआप घडले नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी आधी विचारले की मी कुठे आहे हे तुला का कळले पाहिजे? पुढच्या वेळी स्क्रीनवर 'परवानगी द्या' असे आले की बोट लावण्याआधी तोच प्रश्न विचारा.

जय भीम!