गोव्याची गादी आणि बांद्याची इगर्ज

बचत गटाचा अध्यक्ष कोण, यावरून आपल्यात कधीमधी रुसवेफुगवे होतात. पण अध्यक्ष निवडतात त्या गटातल्याच बायका. आज ज्या गादीविषयी बोलणार आहे, तिच्यावर कोण बसणार हे चारशे वर्षांहून अधिक काळ सातासमुद्रापलीकडे ठरत होतं. ती गादी गोव्याच्या आर्चबिशपची.

आर्चबिशप म्हणजे बिशपांवरचा मोठा बिशप. युरोपात असे आर्चबिशप राजासारखे राहत. जर्मनीतल्या कोलोन, माइन्झ आणि ट्रिअरच्या आर्चबिशपांना स्वतःचा मुलूख होता, आणि सम्राट निवडणाऱ्या सात जणांत १३५६ पासून त्यांची नावं कायद्यानेच पक्की झाली होती. गोव्याचं तसं नव्हतं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला, १५३४ मध्ये तिथे बिशपची गादी झाली आणि १५५८ मध्ये ती आर्चबिशपची झाली. आर्चबिशपचा हुकूम आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पार जपानपर्यंत चाले. पण त्याचं नाव सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा. पोप फक्त त्यावर मोहोर उठवी. त्यामुळे माणूस देवाचा असला तरी नेमलेला राजाचा! आलेइशो द मेनेझिस हा आर्चबिशप तर १६०७ ते १६०९ गव्हर्नर म्हणून राज्यकारभारही पाहत होता.

ही सत्ता घरात कशी शिरे बघा. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी फर्मान काढलं, की ब्राह्मण आणि चारडो ख्रिस्ती घराण्यांतल्या मुलामुलींना पोर्तुगीज बोलता येत नसेल, तर त्यांचं लग्न लावायचं नाही. ज्या घरात आई कोंकणीत अंगाई म्हणते, तिथल्या पोरीने लग्नासाठी परक्या भाषेची परीक्षा द्यायची!

आता आपल्या भागाकडे येऊ. गोव्यातल्या दिवाडी बेटावर ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात मातेउश द कास्त्रो नावाचा मुलगा जन्मला. त्याला पाद्री व्हायचं होतं. आर्चबिशपने नाही म्हटलं. शिकलेला होता, पण इथला होता. तो गप्प बसला नाही, थेट रोमला गेला. राजाच्या हातातला हा कारभार रोमलाही खुपत होता, म्हणून पोपने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतःचं वेगळं खातं उघडलं होतं. त्या खात्याने कास्त्रोला हात दिला. तिथे तो पाद्री झाला आणि १६३७ मध्ये चक्क बिशप.

परत आला, तरी गोव्याचे दरवाजे बंदच. मग त्याने पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखात बस्तान बसवलं. डिचोली, बांदा आणि वेंगुर्ला इथे त्याने इगर्जी उभ्या केल्या. म्हणजे गोव्याच्या गादीने ज्याला नाकारलं, त्याला आपल्या मातीने जागा दिली. वेंगुर्ल्यात तेव्हा डचांची वखार होती. डच आणि आदिलशहाशी संधान बांधून हा आपल्याला हुसकावू पाहतो, असा ठपका पोर्तुगीजांनी त्याच्यावर ठेवला. तो अगदीच खोटा असेल असं मला वाटत नाही. इतका अपमान गिळलेला माणूस दुसरं काय करणार? अखेर तो रोमलाच वारला.

गादी मात्र हलली नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज आर्चबिशप निघून गेले, काही वर्षं प्रशासकाने काम पाहिलं, आणि १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस हे पहिले गोंयकार आर्चबिशप झाले. कास्त्रो बिशप झाल्यानंतर तीनशे एक्केचाळीस वर्षांनी.

आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीचं मिलाग्रीस. पुढच्याच वर्षी तो गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांतात जोडला गेला. बांदा आणि वेंगुर्ला त्यातच येतात.