फायरवॉलच्या आड अडलेली वेळ

प्रत्येक संगणकात स्वतःचे घड्याळ असते. मात्र त्यातील स्फटिक अचूक चालतोच असे नाही. दहा लाखांत वीस भाग इतकी चूकही दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पाडते आणि सहा महिन्यांत तो पाच मिनिटांवर जातो. कर्बेरॉस ही ओळख पडताळण्याची पद्धत सामान्यतः पाच मिनिटांपर्यंतचाच फरक मान्य करते. त्यापलीकडे पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

घड्याळे जुळवण्यासाठी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, अर्थात एनटीपी, वापरला जातो. डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचा आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची देवाणघेवाण यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते.

अडथळा कोठे?

यूडीपीमध्ये कायमची जोडणी नसते. बाहेर गेलेली विचारणा फायरवॉल काही काळ लक्षात ठेवते आणि तिचेच उत्तर आत येऊ देते. ही नोंद ठेवली जात नसेल, तर विचारणा जाते, पण उत्तर वेशीवरच अडते. सर्व्हरला 'पिंग' केल्यावर प्रतिसाद मिळतो, म्हणून मार्ग मोकळा आहे असे समजणे चूक ठरते. पिंगची वाहतूक वेगळी असते.

तपासणी कशी करावी?

लिनक्सवर 'एनटीपीक्यू' आज्ञेच्या तक्त्यातील 'रीच' हा रकाना प्रथम पाहावा. शेवटच्या आठही प्रयत्नांना उत्तर मिळाले असेल, तर तेथे ३७७ दिसते. शून्य म्हणजे एकही उत्तर पोहोचलेले नाही. त्यानंतर फायरवॉलच्या दोन्ही बाजूंची वाहतूक 'टीसीपीडंप'ने पाहावी. विचारणा बाहेर पडलेली दिसते, पण उत्तर बाहेरच्या बाजूलाही येत नाही, तर अडथळा पुढे आहे. उत्तर बाहेर दिसते, पण आत नाही, तर दोष आपल्याच नियमांत आहे.

कधी हाताने केलेली चाचणी यशस्वी होते, पण नेहमीची सेवा अपयशी ठरते. चाचणीचे साधन बहुधा कोणत्याही मोकळ्या पोर्टवरून विचारणा करते, तर 'एनटीपीडी' ही सेवा स्वतःही १२३ क्रमांकाचेच पोर्ट वापरते. नियम एकाला मुभा देऊन दुसऱ्याला अडवू शकतो. तसेच फरक एक हजार सेकंदांहून अधिक असल्यास ही सेवा सामान्यतः स्वतःहून बंद पडते. अशा वेळी घड्याळ आधी हाताने लावावे लागते.

उपाय

कार्यालयात एक-दोन संगणक वेळेचे सर्व्हर म्हणून नेमावेत, केवळ त्यांनाच बाहेर विचारणा करण्याची परवानगी द्यावी आणि उरलेल्यांनी वेळ त्यांच्याकडून घ्यावी. बाहेरून आपणहून येणारी विचारणा मात्र बंदच ठेवावी.

भारतात हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी आपली घड्याळे जुळवणे आवश्यक आहे. सायबर हल्ल्याच्या तपासात कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे नोंदींतील वेळेवरूनच ठरते. घड्याळेच जुळत नसतील, तर हा क्रम लावणे कठीण होते.