खांडेकरांची बारा वर्षं



लिहिता हात मधेच थांबला की लोक दोनच कारणं सांगतात. एक, आळस. दुसरं, प्रतिभा आटली. मला मात्र अशा वेळी वि. स. खांडेकर आठवतात.

खांडेकर जन्माने आपल्या शेजारच्या सांगलीचे, १८९८ सालचे. १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच रमले. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० ची. मग 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव', 'हिरवा चाफा'... १९४२ च्या 'क्रौंचवध'पर्यंत एकामागून एक कादंबऱ्या आल्या. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले.

आणि मग कादंबरी थांबली. पुढची, 'अश्रू', आली ती थेट १९५४ साली. मधे बारा वर्षं!

ती वर्षंही साधी नव्हती. बेचाळीसची चळवळ, महायुद्ध, स्वातंत्र्य, फाळणी, गांधीजींची हत्या. इकडे मर्ढेकरांची कविता आणि गाडगीळ, गोखले, माडगूळकरांची नवकथा यांनी वाचकाची रुचीच बदलून टाकली. मला वाटतं, खांडेकरांचा ध्येयवेडा नायक ज्या जगात उभा होता ते जगच हलून गेलं होतं. जुन्या वळणाने लिहावं तर मन घेत नाही आणि नवं वळण अजून हाताला लागत नाही. याला आळस कसं म्हणायचं?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. कादंबरी थांबली तरी लेखणी थांबली नव्हती. कथा, रूपककथा, लघुनिबंध, प्रस्तावना हे चालूच होतं. परत आले तेही फार मोठा विषय घेऊन नाही. 'अश्रू'मध्ये त्यांनी एका साध्या शिक्षकाची गोष्ट सांगितली, म्हणजे स्वतःला सर्वांत चांगलं ठाऊक असलेलं जग. त्यानंतर १९५९ साली, वयाची साठी उलटल्यावर 'ययाति' आली. गोष्ट महाभारतातली, पण सांगण्याची तऱ्हा वेगळी. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, जो तो आपली बाजू आपल्याच तोंडाने सांगतो. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, मराठीतला पहिलाच.

आता दुसरी बाजू. आमचं मलकापूर (बुलढाण्याचं नव्हे हो!) कराडला खेटूनच आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. यशवंतरावांनी आत्मचरित्राचे तीन भाग योजले होते : 'कृष्णाकाठ', 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ'. 'कृष्णाकाठ' १९८४ साली निघालं. ते १९४६ पर्यंत येऊन थांबतं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. मुंबई आणि दिल्लीचे दिवस त्यांच्या हातून लिहून व्हायचे राहिले ते राहिलेच. संगमावर गेलो की हे हटकून मनात येतं.

घरच्यांना माहीत आहे, माझ्याही ट्रंकेत कोयनेकाठच्या एका मास्तरावरची कादंबरी आहे. नऊ प्रकरणं झालीत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर मास्तर गाव सोडतो, तिथे ती अडली, त्याला पंधरा वर्षं झाली. दहावं प्रकरण मास्तरच्या तोंडून काही केल्या पुढे सरकत नव्हतं. 'ययाति' परत वाचताना वाटलं, मागे राहिलेल्या त्याच्या आईलाच का बोलू देऊ नये? सोमवारपासून रोज सकाळी एक पान लिहितोय. चार पानं झाली. म्हातारी चांगली बोलते आहे.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर बारा वर्षं वाट बघण्याची चैन परवडत नाही. तुमच्यापैकी कुणाचं काही अर्धवट राहिलं असेल तर जरूर कळवा. आणि जमलं तर आधी एक पान लिहा, मग कळवा!